आईच्या सिममधलं शेवटचं नाव

आमच्या घरात कॉम्प्युटरचं काही काम निघालं की ते माझ्याच गळ्यात पडतं. सातबारा काढायचा असो, पीकविमा भरायचा असो, पुतणीच्या प्रवेशाचा अर्ज असो, माहेराहून, तेरहून दादाचा फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "तुझ्याकडं कॉम्प्युटर हाय न्हवं?" जसा काही कॉम्प्युटर हाच माझा संसार आहे. तसं ते अगदी खोटंही नाही. मी धाराशिवला एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांची नावं आणि जन्मतारखा भरते, आणि संध्याकाळी एका भाड्याच्या खोलीत परत येते. तिथे एक जुना डेस्कटॉप आहे आणि मी आहे.

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला कुणाकुणाला सांगायचं याची तेरला चर्चा सुरू झाली, तेव्हा लक्षात आलं की आईच्या माहेरच्या माणसांचे नंबर फक्त आईच्याच फोनमध्ये आहेत. फोन होता साधा, बटणांचा. आई गेल्यावर तो फडताळात पडून राहिला, त्याची बॅटरी फुगली आणि दादानं एक दिवस तो टाकून दिला. सिम तेवढं वहिनींनी काढून ठेवलं होतं. वहिनी म्हणजे दादाची बायको. आई शेवटपर्यंत त्या दोघांकडेच राहिली. धाकटा भाऊ पुण्याला कंपनीत असतो.

"सिम पाठवून देतो," दादा म्हणाला. "त्याच्यातली नावं काढून दे तेवढी. हिथं एकेक नाव बघून उतरवायला कुणाला सवड न्हाय. कागदावर घे म्हंजी फिरायला बरं पडंल."

तेरहून बाजाराला आलेल्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती सिम आलं. वहिनींनी ते कुंकवाच्या रिकाम्या पुडीत बांधलं होतं, त्यामुळे ते लालभडक होऊन पोचलं. मी खोडरबरानं त्याची पितळी बाजू हळूहळू घासून साफ केली. सिम जुनं, अख्खं मोठं. आताच्या फोनमध्ये ते बसत नाही. बसस्थानकाजवळच्या मोबाईलवाल्याला विचारलं तर त्यानं कात्रीसारखं यंत्र हातात घेतलं आणि म्हणाला, "द्या, कापून देतो." मी त्याच्या हातातून सिम जवळजवळ हिसकावूनच घेतलं. "राहू द्या," म्हणाले, "आमच्या आईचं आहे." त्याला त्याचा काही संबंध लागला नाही आणि मलाही तो सांगत बसायचा नव्हता.

कुणाचा तरी साधा फोन मागून एकेक नाव उतरवून घेता आलं असतं, हे मला कळत होतं. पण फोन मागायचा कुणाला? एकटी राहणाऱ्या बाईनं शेजारी काही मागितलं की त्याबरोबर दोन प्रश्न फुकट येतात. मालक कुठं असतात, हा पहिला. आणि मग मुलंबाळं, हा दुसरा. त्यापेक्षा मी एक सिम रीडर मागवला. पेनड्राइव्हएवढी वस्तू, तिच्या एका बाजूला सिम सरकवायची खाच. सोबत एक एवढीशी सीडी आली. माझ्या कॉम्प्युटरचा सीडीचा खण कधीच निकामी झालेला आहे, म्हणून सॉफ्टवेअर इंटरनेटवरून उतरवून घेतलं. ते आधी चालेना. मग ड्रायव्हर चालेना. मग दोन्ही चालली, पण रीडर दिसेना. रविवारची दुपार त्यात गेली. मी त्या यंत्राला बऱ्याच शिव्या दिल्या. खरं सांगायचं तर दुपार बरी गेली. एरवी रविवारी दुपारी मला शिव्या द्यायलाही कुणी नसतं.

शेवटी एक खिडकी उघडली. डावीकडे तीन खण होते. फोनबुक, मेसेज आणि शेवटी लावलेले नंबर. वरती बटणं होती. वाचा, लिहा, क्रम लावा, दुबार नावं काढा, एक्सेलमध्ये पाठवा. मी आधी 'वाचा' दाबलं. एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत गेली, आणि आईची सगळी माणसं हळूहळू माझ्या टेबलावर गोळा झाली.

पण मी फोनबुक उघडलं नाही. आधी शेवटी लावलेल्या नंबरांचा खण उघडला, आणि त्याला कारण होतं.

आईला अक्षरओळख नव्हती. अंकही तिला नोटांच्या रंगावरूनच कळायचे. तरीही तिचा फोन मला यायचा. कधी दिवेलागणीला, कधी दुपारीच. "काय करालीस," म्हणायची, थोडं बोलायची, पाऊसपाणी सांगायची आणि ठेवायची. मागून भांड्यांचा आवाज यायचा, वहिनींचा आवाज यायचा. त्यावरून मी धरून चालले होते की फोन वहिनीच लावून देतात. ज्याला आकडे कळत नाहीत तो फोन लावणार कसा? म्हणजे वहिनींना सवड झाली की आईला माझी आठवण येते, असा मी सरळ हिशोब मांडला होता. ज्या आठवड्यात फोन यायचा नाही, त्या आठवड्यात वहिनी माझ्यावर कशामुळे तरी रुसल्या असतील असं समजायचं. आमचं दोघींचं कधी फारसं पटलं नाही. त्या तोंडावर बोलणाऱ्या आणि मी तोंडावर बोलणारी. एका घरात अशा दोन बायका जास्त होतात.

आई गेल्यापासून तेरहून फोन येतो तो कामाचा. त्यामुळे हा प्रश्न मला फार छळायला लागला होता. आईला माझी आठवण आपणहून येत होती का? की कुणीतरी नंबर लावून फोन कानाला दिला म्हणून ती बोलायची, जसं पाहुण्याच्या पोराशी दोन शब्द बोलतात तसं? हे विचारायला आता आई नव्हती. वहिनींना विचारायचं म्हणजे त्यांच्यापुढे हात पसरायचा. सिम तेवढं माझ्या हातात होतं.

शेवटी लावलेल्या नंबरांचा खण रिकामा निघाला. बहुतेक फोन तो हिशोब आपल्याच पोटात ठेवतात, सिमवर उतरवत नाहीत, असं नंतर मी वाचलं. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. त्या कोऱ्या पांढऱ्या चौकोनाकडे मी बराच वेळ बघत बसले.

मेसेजमध्ये रिचार्जच्या जाहिराती होत्या. एकही मेसेज उघडलेला नव्हता.

मग फोनबुक उघडलं. 'क्रम लावा' दाबल्यावर नावं इंग्रजी अक्षरांच्या ओळीनं उभी राहिली. सगळ्यात वर कंपनीचे नंबर होते. भविष्य, क्रिकेट, भक्तिगीतं, मैत्री करा, असलं बरंच काही. प्रत्येकापुढे एक चांदणी छापलेली, म्हणजे ते कायम वरच राहणार. मी त्यातला एक निवडून पुसायला गेले तर सॉफ्टवेअरनं हा नंबर पुसता येणार नाही असं बजावलं. बाकीच्या सगळ्या नावांना मात्र हात लावायची मुभा होती. कंपनीची माणसं तेवढी अमर.

त्यांच्याखाली आईची माणसं. वहिनींनी इंग्रजी अक्षरांत भरलेली, आठवी पास झालेल्या बाईच्या स्पेलिंगमध्ये. बार्शीची मावशी. कळंबचा मामा. गुरांचे डॉक्टर. गॅसवाला. पुण्याचा धाकटा. दादा. नर्सबाई. पिठाची गिरणी. लाइनमन. मी वाचत वाचत खाली जात होते आणि मला मी कुठे भेटत नव्हते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे लग्न झालेल्या मुलीला माहेरात नाव राहत नाही, गाव राहतं. ज्या गावी दिली त्या गावाची ती होते. मला परंड्याला दिली होती, म्हणून मी परंड्याची. आई शेजारणींना सांगायची, आमची परंड्याची आलीय, परंड्याचीनं लुगडं आणलं. मग परंडा सुटलं. का सुटलं ते सांगण्यासारखं नाही, म्हणजे सांगण्यासारखं विशेष काही नाही. नवऱ्याला मी नको होते आणि काही वर्षांनी मलाही ते मान्य करावं लागलं. पण त्यानं आईची पंचाईत झाली. परंड्याची म्हणायची सोय राहिली नाही. धाराशिवची म्हणावं तर धाराशिवला माझं काय होतं, पोटापुरती नोकरी आणि भाड्याची खोली. लहानपणीचं नाव घ्यावं तर इतकी वर्षं ते कुणी घेतलेलं नव्हतं. शेवटी ती मला 'आमची ती' म्हणायला लागली. मी ते एकदा दाराबाहेरून ऐकलं होतं आणि आत जाऊन काही ऐकलं नाही असं दाखवलं होतं.

यादीच्या अगदी तळाला माझा नंबर होता. पुन्हा पुन्हा पडताळून पाहिला, माझाच. त्यापुढे नाव नव्हतं. गाव नव्हतं. नातंही नव्हतं. फक्त दोन झेड.

पिठाच्या गिरणीला नाव होतं. लाइनमनला नाव होतं. गुरांच्या डॉक्टरला तर पुढे मानानं डीआर लावलेलं होतं. आणि पोटची पोर सगळ्यांच्या खाली, लाइनमनच्याही खाली, दोन फुल्या माराव्यात तशी दोन अक्षरं होऊन बसलेली. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला. मला नेहमी आधी रागच येतो.

मी त्या ओळीवर दोनदा क्लिक केलं. नावाच्या खणात बाण टेकवला, झेड खोडले आणि माझं नाव टाइप केलं, पूर्ण नाव, आणि आईच्या माणसांत सगळ्यात वर जावं म्हणून त्याच्यापुढे एक ए जोडला. मग 'लिहा' दाबलं. सॉफ्टवेअरनं विचारलं, कार्डवरची जुनी माहिती बदलायची आहे का? हो किंवा नाही.

मी हो वर बाण नेला. आणि मग मला माझीच लाज वाटली. मेलेल्या आईच्या सिमात आपलं नाव वर चढवून बघणार कोण होतं? मीच. शाळेत मार्क वाढवून घेतल्यासारखं ते झालं असतं, आणि तेही मास्तर वारल्यावर. मी नाही वर क्लिक केलं. झेड परत जागच्या जागी आले. यादी एक्सेलमध्ये घेतली, छापली, कंपनीचे नंबर पेनानं खोडले आणि सिम रीडरमधून काढून पाकिटात ठेवलं.

पुढचे काही दिवस मी वहिनींशी मनातल्या मनात खूप भांडले. ऑफिसात फी भरून घेताना भांडले, भाकरी थापताना भांडले. त्या भांडणात मी प्रत्येक वेळी जिंकत होते. पण एकटीनं जिंकून काय करायचं असतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळची तेरची एसटी पकडली.

वहिनी पडवीत ज्वारी निवडत बसल्या होत्या. दादा रानात गेला होता, पोरं शाळेच्या सहलीला. "या वन्सं," त्या म्हणाल्या, "लई दिवसानं वाट सापडली." पाणी दिलं, चहा टाकला. मी चहा संपेपर्यंत कसंबसं थांबले. मग पिशवीतून यादी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"ही नावं. दादाला द्या. आणि शेवटचं जरा वाचून दाखवा."

वहिनींनी कागद हातभर लांब धरला, बोट फिरवत खाली आल्या, आणि हसायलाच लागल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"हसता काय? तुम्हीच भरलीत ना नावं? गिरणीवाल्याचं नाव लिहायला सुचलं आणि माझं लिहायला अक्षरं संपली?"

"आवो वन्सं, आधी बसा," वहिनी म्हणाल्या. मी बसलेलीच होते. "त्ये तुमच्या आईनं करून घेतलंय. म्या न्हाय."

"आईला वाचता येत होतं?"

"न्हाय, म्हणून तर." त्यांनी सूप बाजूला सारलं. "आत्याबाईंना स्वता फोन लावायचा व्हता. म्या दावलं त्यांना, नावं उघडायची, खालचं बटन दाबत जायाचं. तर वर समद्या कंपनीच्या बाया बसलेल्या. ह्यांचं बोट चुकायचं आन् त्यातलीच एखादी उचलायची. एकदा तर मी बघते तर काय, मागच्या दाराला बसून घंटाभर त्या बाईसंगं बोलायल्यात. ती हिंदीत इचारायली रास कोणती, आन् ह्या म्हणायल्यात, माय, मी तेरची हाय, माझ्या लेकीला जरा बोलीव की."

मला हसू आलं. आईच्या फोनवर कित्येक महिने एक हिंदी प्रेमगीत वाजायचं, ती फोन उचलेपर्यंत. दादाचा उद्योग असणार म्हणून मी त्याला झापलंही होतं. ते गाणं आईनंच त्या बायकांकडून अजाणता पदरात पाडून घेतलं होतं तर.

"त्या बाया पुसून टाकायच्या ना," मी म्हणाले. पण ते नंबर पुसले जात नाहीत हे मलाही आता ठाऊक होतं.

"पुसंनातच त्या. लई खटपट केली. मग म्या म्हणलं, आत्याबाई, वरनं जाऊच नगा. खालनं जावा. नावं उघडली की वरचं बटन एकदाच दाबायचं, म्हंजी ते गर्रकन फिरून डायरेक्ट शेवटच्या नावाला जातं. तिथं कंपनी न्हाय का कुणी न्हाय. मग हिरवं बटन." वहिनींनी अंगठ्यानं हवेतच दोन्ही बटणं दाबून दाखवली. "आत्याबाई म्हणल्या, आसं हाय का? मग त्या शेवटच्या जागंवर माझ्या लेकीला बसीव. दुसऱ्या कुणाला बसवायचं न्हाय."

मी यादी उचलून तळाचा नंबर पुन्हा पाहिला.

"तुमचं नाव टाकलं तर ते मधीच कुठंतरी जाऊन बसायलं. म्हणून दोन झेड टाकले, म्हंजी कुणी त्याच्याखाली जायाचं न्हाय. त्याच्याम्होरं नाव लिव्हू का म्हणलं, तर म्हणल्या, मला काय वाचायचंय? राहू दे तसंच. आता कुठं बी गेली तरी हालायची न्हाय तिथनं, म्हणल्या."

"बाकीच्यांना कसा लावायची?"

"बाकीच्यांना कुठं लावायच्या? पुण्याचे भावजी रविवारी स्वताच करायचे. मामाला, मावशीला मीच लावून द्यायची, न्हाईतर पोरं. तुम्हाला लावून देऊ का म्हणलं की अंगावर यायच्या. तिला म्याच लावनार, म्हणायच्या."

"मला वाटायचं तुम्हीच लावून देता."

"म्या?" वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला. "म्या कशाला तुम्हाला फोन लावंल? तुमचं माझं कवा पटलं?"

यावर आम्ही दोघीही हसलो. खरं तेच बोलल्या होत्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी बोललेलं एवढं सरळ वाक्य मला दुसरं आठवत नाही.

मग त्या पुन्हा ज्वारीत बोटं फिरवायला लागल्या. खडे बाजूला काढत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "फोन ठिवला की आत येऊन सांगायच्या. बरं हाय म्हणती, खाल्लं म्हणती, समदं चांगलं हाय म्हणती. पर तिला करमत न्हाय. दर टायमाला हेच. आमी म्हणायचो, आवो चांगली नोकरी हाय, पगार हाय, कशाला करमत नसंल? तर म्हणायच्या, तुमाला काय कळतंय."

मी आईला कधीच तसं बोलले नव्हते. एकदाही नाही. उलट फोनवर आवाज मुद्दाम मोठा करून, घरात माणसं असल्यासारखं बोलायचे. कॉलेजातल्या गमती सांगायचे, काही खऱ्या, काही तिथल्या तिथे बनवलेल्या. तिच्या जिवाला घोर नको, असं मी समजत होते. आणि तिनं ते सगळं ऐकून घेऊन, माझा डाव मोडू न देता, मागच्या दारातून आत येऊन सुनेला खरं सांगितलं होतं.

"सिम आणलंय न्हवं?" वहिनींनी विचारलं.

मी पाकिटातून काढून दिलं. त्यांनी आपला फोन काढला, आईसारखाच, बटणांचा. मागचं झाकण नखानं उघडलं, बॅटरी काढली, स्वतःचं सिम काढून पदराच्या टोकाला बांधलं आणि आईचं बसवलं. "वर्षाचा रिचार्ज ह्यांनी मारला आन् चार दिसांत आत्याबाई गेल्या," त्या म्हणाल्या. "आजून चालू असंल. हिथं रेंज न्हाय, मागच्या दाराला येती." फोन माझ्या हातात देऊन त्या उठल्या. "मी शेरडाला पाला टाकून येते. आत्याबाई फोनवर असल्या की मी मागच्या दाराला फिरकायची न्हाय."

मागच्या दाराचा उंबरठा मध्यभागी झिजलेला आहे. मी पिशवी घेऊन तिथे बसले. समोर परसातलं शेवग्याचं झाड, धुणं वाळत घातलेली तार, पलीकडे दुसऱ्यांची पाठमोरी घरं. आईला इथून एवढंच दिसत असणार. फोनवर हळूहळू रेंजच्या काड्या उभ्या राहिल्या.

नावं उघडली. पहिली आली ती चांदणीवाली भविष्याची बाई. मी वरचं बटण एकदा दाबलं. यादी फिरली आणि दोन झेड समोर आले, पूर्ण पडदाभर एकटेच निवडलेले. आई वाचायची नाही. तिला ती दोन सारखी अक्षरं शेजारी शेजारी बसलेली दिसत असतील, तेवढंच. मी हिरवं बटण दाबलं.

माझ्या पिशवीत माझा फोन वाजायला लागला. काढून पाहिला. पडद्यावर लिहिलं होतं, आई.

वर्ष होत आलं होतं हे नाव असं उजळून. हे माझंच काम आहे, दोन्ही फोन माझ्याच हातात आहेत, हे सगळं मला कळत होतं. तरीही उचलायला उशीर झाला तर ती ठेवून देईल अशी मला भीती वाटली, आणि मी घाईनं उचलला. एक फोन या कानाला, दुसरा त्या कानाला. दोन्हीकडे नुसती खरखर होती आणि माझाच श्वास.

नेहमीसारखं बरं आहे म्हणायला तोंड उघडलं, पण आता ते कुणासाठी म्हणायचं? इकडे तिकडे बघितलं. परसात कुणी नव्हतं.

"आई," मी म्हणाले, "मला करमत नाही गं."

फोनला आवाज न्यायला जरा वेळ लागतो. मी बोलून गप्प झाले, आणि मग दुसऱ्या कानात, आईच्या फोनमधून, एक बाई अगदी हळू आवाजात तेच मला म्हणाली.